जुन्या काडतुसांनंतर रायफलची नळी आधी पाण्याने धुवावी

ली-एनफील्ड किंवा मोसिन-नागांसारख्या जुन्या लष्करी रायफलींमधून त्या काळची शिल्लक काडतुसे झाडणाऱ्या हौशी नेमबाजांची एक चूक वारंवार दिसते, ती म्हणजे सराव संपल्यावर नळीत केवळ तेलाचा बोळा फिरवून समाधान मानणे. या काडतुसांच्या टोपीत, म्हणजे आतली दारू पेटवणाऱ्या बुडाच्या भागात, बहुधा पोटॅशियम क्लोरेट असते आणि ते जळाल्यावर नळीत पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे मिठाच्याच जातीचा एक क्षार, मागे राहतो. हा क्षार हवेतला ओलावा शोषून घेतो आणि दमट हवेत एका रात्रीतही गंज धरवू शकतो. क्षार तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो, म्हणूनच ब्रिटिश सैनिक नळीत नरसाळ्याने उकळते पाणी ओतत असत.

रायफल रिकामी असल्याची खात्री करून बोल्ट (नळीची मागची बाजू बंद करणारा सरकता भाग) काढावा, नळीचे तोंड खाली धरावे आणि काडतूस बसते त्या बाजूने गरम पाणी ओतावे; मात्र ते लाकडी दस्त्यात झिरपू देऊ नये. तापलेली नळी लवकर सुकते, तरीही कोरडी फडकी स्वच्छ निघेपर्यंत फिरवावीत आणि मगच तेलाचा पातळ हात द्यावा. बोल्टचे तोंडही असेच पुसावे, कारण टोपीचा अवशेष तिथेही बसतो आणि नेमके तेच विसरले जाते. एसकेएससारख्या स्वयंभरणी रायफलीत दारूचा वायू जिच्यातून जातो ती वायुनळी आणि त्या वायूने ढकलला जाणारा दट्ट्याही धुवावा लागतो.