अँप्लिफायर घेताना वॉट आणि गेन वेगळे धरा

ठाण्यात घोडबंदर रोडच्या टू-बीएचकेत सोफा स्पीकरपासून जेमतेम अडीच मीटरवर असतो. तिथे १०० वॉटचा हट्ट नको, आधी स्पीकरची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे १ वॉटला १ मीटरवर तो किती आवाज देतो, ते बघा. ती ८७ डेसिबल असेल तर १ मीटरवर १ वॉटला ८७, १० वॉटला ९७. अडीच मीटरवर साधारण ८ डेसिबल गळतात, दुसऱ्या स्पीकरचे ३ वाढतात. म्हणजे १० वॉटमध्येच ९२ च्या आसपास, शेजारी बेल वाजवतील इतका आवाज. तबल्याच्या थापेसारख्या क्षणिक उसळीला वर जागा लागते, म्हणून ८ ओहमच्या (ओहम म्हणजे स्पीकरचा विद्युत विरोध) स्पीकरला खरे ५० वॉट पुरेत. ५० चे १०० केले तरी मिळतात फक्त ३ डेसिबल. पीएमपीओचा, म्हणजे जाहिरातीतल्या फुगवलेल्या क्षणिक वॉटचा आकडा वाचूच नका. स्पीकर ४ ओहमचे असतील तर अँप तेवढा भार झेलतो का, हे मात्र नक्की विचारा.

गेनचं, म्हणजे अँप आलेला सिग्नल किती पट वाढवतो याचं, गणित निराळं. ८ ओहमला ५० वॉट म्हणजे २० व्होल्ट. सीडी प्लेयर २ व्होल्ट देतो, त्याला १० पट गेन पुरतो. पण इनपुट सेन्सिटिव्हिटी (पूर्ण ताकदीसाठी अँपला लागणारा सिग्नल) २०० मिलिव्होल्ट असेल तर अँप १०० पट वाढवतो. मग व्हॉल्यूमचा नॉब घड्याळातल्या ९ च्या जागी येताच घर दणाणतं, आणि अर्धा फिरण्याआधीच क्लिपिंग (ताकद संपून सिग्नलची टोकं कापली जाणं) सुरू होऊन ट्वीटर, म्हणजे उंच सुरांचा छोटा स्पीकर, जळू शकतो. उरलेला नॉब म्हणजे शिल्लक ताकद नव्हे! रात्री हळू ऐकताना डावा-उजवा आवाज कमी-जास्त वाटत असेल, तर सोर्सचा (प्लेयर, फोन वगैरेचा) व्हॉल्यूम १० डेसिबल खाली घ्या आणि नॉब वर आणा.