सांगलीत राहून जागतिक विकासाचा अभ्यास कसा सुरू करावा

बी.ए., बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची मुलं विचारतात, डेव्हलपमेंट स्टडीज म्हणजे अर्थशास्त्र की समाजशास्त्र? दोन्ही, शिवाय इतिहास, शेती, कायदा, आरोग्य, पर्यावरणही. काही देश, काही तालुके, काही घरं मागे का राहतात, हा प्रश्न एकट्या कुठल्याच विषयाला झेपत नाही. त्याची तयारी प्रवेशाआधीच, आपल्या जिल्ह्यातच सुरू करावी.

१. एकच प्रश्न धरा. ‘गरिबी’ हा फार मोघम विषय झाला. त्यापेक्षा विट्याकडचे गलाई (सोनं-चांदी गाळून शुद्ध करणारे) कारागीर देशभर का पांगले, कोयना धरणानं उठवलेल्या गावांचं पुढे काय झालं, तासगावच्या बेदाण्याचा भाव कशावर ठरतो, यांतलं एक काहीतरी घ्या.

२. तो प्रश्न प्रत्येक विषयाच्या दारात न्या. खरा अभ्यास इथे आहे, म्हणून इथे घाई करू नका. तासगाव-मिरज पट्ट्यातली द्राक्षबाग घ्या. भूगोल सांगतो, हा भाग पर्जन्यछायेचा. हवा कोरडी, म्हणून बेदाणा वाळतो. पाणी मात्र ताकारी-म्हैसाळ उपसा योजनांमधून कृष्णेतून टप्प्याटप्प्यानं वर चढवावं लागतं. ते विजेचं बिल कोणी भरायचं, हा राजकारणाचा प्रश्न झाला. विरळणी (घडातले जादा मणी काढणं) करणाऱ्या बायकांची मजुरी कशी ठरते, ते समाजशास्त्राला विचारा. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाचा अंश सापडल्यामुळे युरोपात भारतीय द्राक्षं नाकारली गेली. तिथे रसायनशास्त्र, व्यापाराचे नियम आणि बागायतदाराचं कर्ज एकाच कंटेनरमध्ये अडकलेलं दिसतं. बेदाण्याकडे वळलात तर तुर्कस्तान आणि अमेरिका हे मोठे उत्पादक देशही पाहावे लागतील. जागतिक म्हणतात ते असं आपल्या सौद्यापर्यंत येऊन पोचलेलं असतं.

३. आकडे वाचायला शिका, पण सरासरीवर विसंबू नका. 1990 मध्ये पाकिस्तानी अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांच्या पुढाकारानं पहिला मानव विकास अहवाल निघाला आणि उत्पन्नाच्या जोडीला आयुर्मान व शिक्षण मोजलं जाऊ लागलं. आपल्यासाठी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची (2019-21) जिल्हावार पत्रकं आणि ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’ आहेत. सांगली आणि साताऱ्याची पत्रकं शेजारी ठेवून महिलांमधल्या रक्तक्षयाचा आकडा काढा. मग स्वतःला विचारा, सांगलीतलेच बागायती वाळवा आणि दुष्काळी जत हे तालुके एकाच सरासरीत बसवले तर जतचं काय दिसतं? माझ्या मते या एका सवयीवरून चांगला विद्यार्थी ओळखता येतो.

४. माणसांकडे जा. उत्पन्न किती, असं थेट विचारलं की उत्तर गोलमोल येतं. ‘तुमचं वर्ष कसं जातं?’ असं विचारा. द्राक्षबागेत एप्रिलची खरड छाटणी (काडी तयार होण्यासाठी), ऑक्टोबरची फळ छाटणी (घड येण्यासाठी), कर्ज कधी उचललं, माल कधी गेला, पैसे हातात कधी आले, हे महिन्यांप्रमाणे लिहून घ्या. घरातल्या बाईशी वेगळं बोला. तिचं वर्ष निराळं असतं. आधी परवानगी घ्या आणि वहीत नावं लिहू नका.

५. लोकांनी काय करून पाहिलं, ते शोधा. येरळा नदीवर बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी 1980 च्या दशकात बळीराजा धरण उभं केलं. त्यासाठी नदीतली वाळू विकून पैसा उभा केला आणि भूमिहीनांनाही पाण्यात वाटा असावा, अशी भूमिका घेतली. 2015 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी 2030 पर्यंतची 17 शाश्वत विकास उद्दिष्टं मान्य केली. त्यातलं सहावं पाण्याचं. ते बळीराजा धरणाशेजारी ठेवून वाचा. म्हसवडची माणदेशी महिला बँक (1997) अशीच पाचव्या, स्त्री-पुरुष समानतेच्या उद्दिष्टाशेजारी ठेवा.

६. मग अभ्यासक्रम पाहा. टाटा समाजविज्ञान संस्थेची मुंबई आणि तुळजापूर केंद्रं, बंगळुरूचं अझीम प्रेमजी विद्यापीठ, आयआयटी गुवाहाटी हे पर्याय आहेत. प्रवेशाचे नियम बदलत राहतात, म्हणून त्या-त्या वर्षीचं माहितीपत्रकच प्रमाण माना. संख्याशास्त्राची भीती असेल तर आत्ताच काढून टाका, आणि रोज थोडं इंग्रजी वाचा, कारण बहुतेक वाचन त्याच भाषेत असतं. अर्जात ‘मला समाजासाठी काम करायचं आहे’ एवढंच लिहू नका. द्राक्षबागेवरचं तुमचं चार पानी टिपण तयार ठेवा आणि मुलाखतीत त्यावरच बोला.