थंडीत खाडीतला तांबोशी गळाला कसा लागला

मालवणजवळ देवबागला कर्ली खाडीत पाहुण्यांना गळाच्या मासेमारीला नेतो. डिसेंबर-जानेवारीत सगळ्यांना पहाटेच निघायचं असतं. पण रात्रभर मतलई वारा (जमिनीकडून समुद्राकडे जाणारा) वाहून उथळ पाणी गारठलेलं असतं, आणि तांबोशी, जिताडा हे मासे कांदळाच्या (खारफुटीच्या) मुळांत दडून राहतात. पाहुणे हिरमुसून परत जायचे, याचं मला फार वाईट वाटायचं.

मग मी निघायची वेळ घड्याळावरून काढून तिथीवर नेली. तिथीची पाऊणपट केली की भरती पुरी व्हायची वेळ निघते: अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. म्हणून थंडीत पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासचेच दिवस देतो. दुपारी ओहोटी लागली की उन्हानं तापलेलं चिखलावरचं पाणी ओहळांतून खाडीत उतरतं, सोबत कोळंबी येते आणि तिच्या मागं मासा. होडी ओहळाच्या तोंडापासून लांब नांगरायची.

थंडीत पाणी नितळ, म्हणून तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) बारीक. जिवंत कोळंबीला शेपटीजवळ गळ टोचायचा, शिसं अगदी हलकं, आणि ओढायची घाई नको. तांबोशीनं घेतलं की मात्र लगेच खेचा, नाहीतर मुळांत शिरून तंगूस तोडतो.

भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटी कमी असते तेव्हा, पाहुण्यांना सरळ सांगतो, पुढच्या आठवड्यात या.