मन परड्यात, हजेरी कचेरीत

सकाळी सव्वाआठ वाजता हातातली कुदळ भिंतीला टेकवून आंघोळीला जाणे ज्याला शिक्षेसारखे वाटते, त्याच्यासाठी हे लिहीत आहे. कोकणात अशी माणसे बरीच आहेत. घरामागे दोन-चार गुंठ्यांचे परडे असते, विहिरीला पाणी असते, वडिलांनी लावलेले माड असतात आणि घर मात्र तालुक्याच्या गावातल्या नोकरीवर चालते. मीही असाच एक कारकून आहे. नोकरी सोडावी की नाही, यावर शेवटी थोडे लिहिले आहे. पण त्याआधीचा प्रश्न अधिक उपयोगाचा आहे, तो म्हणजे नोकरीतून उरणाऱ्या वेळात मावेल असे परडे कसे उभे करावे. माझ्या पाहण्यात बहुतेकांचे परडे हावेने मोडले आहे. आळशी माणूस मुळात कुदळ हातात घेतच नाही.

उजेडाचा हिशेब

जमीन मोजण्याआधी उजेड मोजावा. राज्य शासनाच्या कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला आणि कामाची वेळ सकाळी पावणेदहा ते संध्याकाळी सव्वासहा अशी ठरली. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर जूनमध्ये सूर्य साधारण सहा वाजून पाच मिनिटांनी उगवतो आणि सव्वासातच्या सुमारास मावळतो. डिसेंबरअखेरीस मात्र उगवायलाच सात वाजून जातात आणि सहा-सव्वासहाला तो समुद्रात गेलेला असतो. म्हणजे ज्या हिवाळ्यात भाजीला पाणी द्यावे लागते, नेमक्या त्याच दिवसांत संध्याकाळ आपल्या वाट्याला येत नाही आणि सकाळचा जेमतेम तासभर उरतो. शनिवार-रविवारचे तीन-तीन, चार-चार तास धरले तरी आठवड्याला दहा-बारा तासांपलीकडे हिशेब जात नाही. एस. टी.ने तासभर प्रवास करणाऱ्यांनी आणि ज्यांना शनिवारीही कामावर जावे लागते त्यांनी हा आकडा निम्म्यावर आणावा.

एवढ्या वेळात एक माणूस, माझ्या अनुभवाने, एक गुंठा भाजी नीट सांभाळू शकतो. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. कागदावर तो क्षुल्लक दिसतो आणि जुलैत रान माजले की अफाट वाटू लागतो. बाकीची जागा पडीक ठेवण्याचे कारण नाही, परंतु तिथे काय लावायचे हे आवडीवर न ठरवता पुढच्या कसोटीवर ठरवावे.

कोणते पीक किती वेळा हाक मारते

प्रत्येक पिकाबद्दल एकच प्रश्न विचारावा: हे मला आठवड्यातून किती वेळा बोलावणार? भेंडी दिवसाआड बोलावते. दोन दिवस चुकले की ती जून होते आणि चिरताना सुरी अडते. काकडीचेही तसेच आहे, पानांखाली लपलेली एक काकडी पिवळी पडेपर्यंत वेलावर राहिली की वेल नवी फळे धरायला कुचराई करतो. वांगी आणि मिरची आठवड्याची मुदत देतात. पडवळ तोडणीची घाई करत नाही, पण कोवळेपणी त्याच्या टोकाला खडा बांधायला सवड काढावी लागते, नाहीतर ते वेटोळे घालून बसते. दिवसाआड बोलावणारी पिके घराच्या मागच्या दारापासून दहा पावलांत असावीत, म्हणजे दात घासता घासता तोडणी होते. ही थट्टा वाटेल, परंतु माझी निम्मी भेंडी अशीच निघते.

याच्या दुसऱ्या टोकाला कंद आहेत आणि नोकरदार माणसाला कोकणच्या मातीने दिलेले खरे दान तेच आहे. सुरण मे महिन्यात खड्ड्यात शेणखत आणि पातेरा, म्हणजे वाळका पालापाचोळा, घालून लावला की पाऊस त्याचे सगळे करतो. पाने पिवळी पडून आडवी झाली की आठ-नऊ महिन्यांनी खणून काढायचा. करांदे आणि कणगर यांना चढायला एखादे झाड दाखवले म्हणजे झाले. हळद पावसाच्या तोंडावर लावावी, एकदोनदा भर द्यावी आणि जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत विसरून जावे. अळू तर सांडपाण्याच्या पाटावर आपले आपण वाढते. या पिकांना वानरेही फारसा त्रास देत नाहीत. रानडुक्कर आणि साळिंदर मात्र कंद उकरतात, त्यामुळे परड्याभोवतीचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, पडला असेल तर तो लावणीपूर्वीच रचून घ्यावा.

मधली एक जात आहे ती ओलीवर येणाऱ्या कडधान्यांची. भात कापल्यानंतर जमिनीत जी ओल उरते तिच्यावर आणि रात्रीच्या दवावर वाल, कुळीथ आणि चवळी पाण्याचा एक थेंबही न मागता पिकतात. रायगडाकडे वालाच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यासह मडक्यात घालून जी पोपटी लावतात, ती या पिकाच्या हंगामातच. हिवाळ्यात संध्याकाळ हाती नसलेल्या माणसाने परड्याचा मोठा भाग या पिकांखाली ठेवावा आणि पाण्याची भाजी त्या एका गुंठ्यातच आवरावी. लाल माठ आणि मुळा तिथे घ्यावेत. माठ महिनाभरात आणि मुळा त्यानंतर थोड्या दिवसांनी हाती येतो, त्यामुळे एखादा वाफा बिघडला तरी मन फार खट्टू होत नाही.

हापूसची बाग धरण्याचा मोह नोकरीत असेपर्यंत टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मोहोराच्या फवारण्या ठरलेल्या दिवसांनी कराव्या लागतात, ढगाळ हवा पडली की तुडतुडे सुट्टीचा वार पाहत नाहीत, आणि चौदा आणे तयार झालेले, म्हणजे पिकायच्या थोडे आधीचे, फळ नेमके त्याच दिवसांत झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने) उतरवावे लागते. घरापुरती दोन कलमे पुष्कळ झाली. माडांची गोष्ट वेगळी. बाणवली जातीचा माड सहा-सात वर्षे थांबायला लावतो, परंतु एकदा धरला की दीड-दोन महिन्यांनी चढणारा गडी बोलावण्यापलीकडे तो रोजचा वेळ मागत नाही. दोन माडांत साडेसात मीटर, म्हणजे पंचवीस फूट अंतर ठेवावे आणि पोफळ (सुपारीचे झाड) किंवा माडावर मिरीचा वेल सोडावा. अशा मिश्र बागेचा नमुना पाहायचा असेल तर रत्नागिरीजवळ भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्रात एक फेरी मारावी. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे हे केंद्र नोकरदारालाही पाहून येण्याजोगे आहे.

पावसाळ्यातील मांडणीबाबत एक गोष्ट लक्षात ठेवावी. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि जांभ्याच्या मातीतून तो खत धुऊन नेतो. म्हणून भाजीचे वाफे नेहमी गादीसारखे उंच करावेत आणि दोन वाफ्यांतला चर उताराला मोकळा सोडावा. वेलांच्या बिया थेट जमिनीत टाकल्या तर पहिल्याच झोडपणीत कुजतात. मी मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात करवंट्यांचे डोळे फोडून त्यांत माती भरतो, पडवीत बिया रुजवतो आणि मृगाचा पाऊस स्थिरावला की रोपे मातीच्या गोळ्यासकट आळ्यात उतरवतो. जूनच्या मध्यावर लागलेली काकडी, पडवळ आणि भेंडी गणपतीला हमखास घरात येते. ऋषिपंचमीच्या भाजीला बैलाच्या कष्टाचे काही चालत नाही, सगळे हातकष्टाचे लागते. त्या दिवशी शेजारीपाजारी आपल्याच परड्याकडे वळतात, तेव्हा अळू आणि भेंडी राखून ठेवावी.

पाणी: आपण नसताना

माझे पहिले परडे पाण्यानेच बुडवले, म्हणजे पाण्याच्या अभावाने. साठ वांगी आणि तितक्याच मिरच्या लावल्या, आणि एप्रिलमध्ये निवडणुकीच्या कामावर पाच दिवस बाहेर राहावे लागले. परतलो तेव्हा रोपांच्या काड्या झाल्या होत्या. त्यानंतर मी विजेवर आणि दुसऱ्याच्या आठवणीवर विसंबणे सोडले.

व्यवस्था साधी आहे. जांभ्याच्या चिऱ्यांचा चौथरा अडीच मीटर उंच बांधून त्यावर हजार लिटरची टाकी ठेवावी आणि तिच्यापासून ठिबकच्या नळ्या वाफ्यांत सोडाव्यात. दुकानदार ज्या तोटीला ताशी चार लिटरची म्हणतो, ती साधारण दहा मीटर उंचीच्या दाबाला तेवढे देते. पाण्याचा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे अडीच मीटरवर तीच तोटी जवळजवळ निम्मे, म्हणजे ताशी दोन लिटर देईल. शंभर तोट्या असतील तर टाकी पाच-सहा तासांत रिती होते. या रितेपणातच सोय आहे: सकाळी सव्वाआठला कॉक उघडून निघावे, दुपारपर्यंत टाकी आपोआप संपते आणि कॉक बंद करायला कोणाला घरी थांबावे लागत नाही. एका गुंठ्याला हिवाळ्यात दिवसाआड एवढे पाणी पुरते. गाळणी दर रविवारी धुवावी, कारण विहिरीचा गाळ तोट्यांत बसला की एकेक वाफा गुपचूप सुकतो आणि आठ दिवस आपल्या लक्षात येत नाही.

माडांच्या आळ्यांत नारळाची सोडणे (वरची जाड साले), आतली खोलगट बाजू वर करून, थरांनी पुरावीत. ती पावसाचे पाणी धरून ठेवतात आणि पाच-सात वर्षे टिकतात. भाजीच्या वाफ्यांवर पातेऱ्याचा थर द्यावा. अंगण झाडून तो पेटवून देण्याची आपल्याकडची सवय मला कधीच समजली नाही. खाडीलगतच्या विहिरी एप्रिलनंतर मचूळ होतात. अशा जागी मार्चअखेर पाण्याची भाजी आटोपती घ्यावी आणि पावसापर्यंत हौसेला सुट्टी द्यावी.

शेणखताचा खड्डा माडांपासून जमेल तितका दूर असावा. गेंड्या भुंगा अंडी घालतो ती कुजत्या शेणखतातच, आणि माडाच्या नव्या झावळ्यांवर त्रिकोणी काप दिसू लागले की त्याचे मूळ बहुधा आपल्याच खड्ड्यात असते. खत वरखाली करताना पांढऱ्या जाड अळ्या वेचून काढाव्यात. कोंबड्या मागे असल्या तर त्या हे काम आनंदाने करतात. फळमाशीसाठी सापळा घेताना आमिष पाहून घ्यावे. आंब्याच्या माशीला मिथाइल युजेनॉल लागते आणि काकडी-पडवळाच्या माशीला क्यू ल्यूर. चुकीचे आमिष लावून सापळा निकामी ठरवणारे मी अनेक पाहिले आहेत.

रजा

राज्य शासनाच्या कर्मचाऱ्याला वर्षाला आठ किरकोळ रजा मिळतात. त्या लग्नकार्यात उधळण्याआधी परड्याचे दिवस बाजूला काढावेत: दोन जूनच्या मध्यावर लावणीला, एक जुलैत बेणणीला, म्हणजे तण काढायला, एक पाऊस ओसरल्यावर वाफे करायला. मोठे काम, म्हणजे गडगा रचणे किंवा चौथरा बांधणे, निघाले तर अर्जित रजा रीतसर आधी मंजूर करून घ्यावी. आजारपणाचे निमित्त करू नये. मी एकदा तापाची चिठ्ठी पाठवून दिवसभर हळद लावली आणि दुसऱ्या दिवशी कौतुकाने सहकाऱ्यांना पिशवीभर भेंडी वाटली. साहेबांनीही भेंडी घेतली आणि ताप कसा आहे असे विचारले. अर्जावर ‘घरगुती काम’ एवढे लिहिले असते तरी चालले असते.

कचेरीतला वेळ परड्याच्या चिंतेत घालवू नये म्हणून एक छोटी वही कामाला येते. सकाळी निघण्यापूर्वी दुसऱ्या दिवशीचे एकच काम तिच्यात लिहावे. लिहिलेले काम डोक्यात फिरत राहत नाही.

भावकी

कोकणातल्या सातबाऱ्यावर नावांची रांग असते आणि परडे मोकळे पडले आहे याचा अर्थ ते आपलेच आहे असा होत नाही. जागा सामाईक असेल तर कुदळ मारण्यापूर्वी चुलत्यांना, मुंबईत असलेल्या भावंडांना स्वतः फोन करून सांगावे. सामाईक जागेत हंगामी पिकेच घ्यावीत. भाजी सगळे हसत खातात; तिथेच दहा माड लावले की पुढच्या गणपतीत हक्काच्या गोष्टी सुरू होतात. झाडे लावायची असतील तर आधी वाटप करून घ्यावे, त्याला वर्षे लागली तरी.

सोडण्याचा विचार, आणि बदली

नोकरी सोडण्याचा विचार पावसाळ्यात करू नये, कारण तेव्हा परडे आपल्या कर्तृत्वापेक्षा अधिक देत असते. दोन पूर्ण वर्षे परड्याचा जमाखर्च लिहावा आणि त्यात घरात खाल्लेली भाजी बाजारभावाने, स्वतःची मजुरी गड्याच्या दराने धरावी. माझ्या वहीत पहिल्या वर्षी तोटा निघाला आणि दुसऱ्या वर्षी विजेचे बिल भरण्याइतका नफा. राज्य शासकीय सेवेत वीस वर्षांच्या अर्हताकारी सेवेनंतर तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती मागता येते. १ नोव्हेंबर २००५ पासून सेवेत आलेल्यांचे निवृत्तिवेतन मात्र वेगळ्या योजनेत मोडते, त्यांनी त्याचा आकडा आस्थापना शाखेतून लेखी काढून घ्यावा आणि मगच घरात विषय काढावा.

बदलीचा आदेश बहुधा मे महिन्यात, सुरण लावून झाल्यावर येतो. त्यासाठी शेजारची एखादी वहिनी किंवा काकी आधीपासून परड्यात भागीदार असावी: टाकीचा कॉक तिने उघडायचा आणि जे निघेल त्यातले अर्धे तिने न विचारता न्यायचे. सुरणाच्या आळ्यांशेजारी खुंटी ठोकून लावणीची तारीख लिहून ठेवावी, कारण पाने वाळून गेल्यावर कंद नेमका कुठे आहे हे लावणाऱ्यालाच माहीत असते, आणि तो तेव्हा दुसऱ्या जिल्ह्यात असतो.