संत्र्याच्या अपरिचित वाणांची फळे पारखताना

उद्यानविद्येची पदवी घेऊन फळांच्या गुणवत्ता-परीक्षणाच्या कामाला लागलेले विद्यार्थी पहिल्या हंगामात बहुधा एकच प्रश्न विचारतात: हा वाण नागपुरी संत्र्यापेक्षा गोड आहे का? काटोल, वरुड, मोर्शी या पट्ट्यातला बागायतदार डेझी, फ्रिमाँट किंवा पेज अशा कमी परिचित वाणांची चौकशी करतो, तेव्हा त्याचाही रोख तोच असतो. माझ्या अनुभवात मात्र वाणाचे भवितव्य गोडीपेक्षा आम्लतेवर अधिक ठरते; आंबटपणा केव्हा उतरतो आणि तो उतरल्यावर फळ झाडावर किती दिवस चांगले राहते, यावर तोडणीचा काळ आणि पर्यायाने बाजारभाव अवलंबून असतो.

म्हणून एकदाच फळे आणून चव घेण्यात अर्थ नाही. आंबिया बहाराची (हिवाळ्याच्या अखेरीस येणाऱ्या फुलोऱ्याची) फळे साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये तयार होतात. त्याच्या थोडे आधीपासून दर पंधरवड्याला खुणा केलेल्या त्याच झाडांवरून नमुना घ्यावा. हाताशी आलेले मोठे, पिवळे फळ तोडण्याचा मोह टाळावा, कारण बाहेरच्या, उन्हातल्या फळांत विद्राव्य घन पदार्थ (मुख्यतः साखर) जास्त भरतात आणि आतल्या सावलीतल्या फळांत कमी. नमुन्यात दोन्ही हवीत, तीही चारही दिशांची. फळ ओढून काढले तर देठाजवळची साल फाटते आणि साठवणुकीची चाचणी वाया जाते, तेव्हा कात्री वापरावी.

रसातल्या विद्राव्य घन पदार्थांची टक्केवारी, म्हणजे ब्रिक्स, दाखवणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरचे काम सोपे आहे, ऊर्ध्वपातित पाण्याने तो शून्यावर आणला की झाले. आम्लता काढताना नवखा माणूस अडखळतो. गाळलेल्या १० मिली रसात फिनॉल्फथॅलिन या रंगदर्शकाचे दोन-तीन थेंब टाकून ब्युरेटमधून ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने सोडायचे आणि फिकट गुलाबी छटा टिकली की थांबायचे. पण नारिंगी रसात ही छटा चटकन दिसत नाही. त्या रसात ऊर्ध्वपातित पाणी घालून तो पातळ करावा आणि फ्लास्कखाली पांढरा कागद ठेवावा. या प्रमाणात खर्ची पडलेले प्रत्येक मिली द्रावण ०.०६४ टक्के सायट्रिक आम्ल दाखवते. समजा १२.५ मिली लागले, तर आम्लता ०.८ टक्के, ब्रिक्स १०.४ असेल तर ब्रिक्स आणि आम्लतेचे गुणोत्तर १३. पंधरवड्याने ब्रिक्स १०.६ आणि आम्लता ०.६ आली, तर साखर जवळपास तेवढीच असूनही गुणोत्तर १७ च्या पुढे जाते आणि चाखणारा ‘आता गोड झालं’ म्हणतो. आम्लता आणखी घसरली की तेच फळ पाणचट लागते. दोन वाणांची तुलना करायची ती या उताराची.

सालीच्या रंगावर विसंबू नये. हिरवेपणा जाण्यासाठी थंड रात्री लागतात, त्यामुळे विदर्भात ऑक्टोबरचे फळ आतून तयार असूनही हिरवट दिसते. रोपवाटिकेच्या रंगीत पत्रकातला केशरी रंग वेगळ्या हवामानातला असतो. सालीचा घट्टपणा मात्र नोंदवावा, कारण साल फोडींपासून सुटून पोकळ झालेले फळ पेटीत दबते.

बियांच्या बाबतीत बागेचा शेजार पाहावा लागतो. क्लेमेंटाइन किंवा मोरोक्कोतून प्रसिद्ध झालेला अफुरर एकटा लावला तर जवळपास बिनबियांचा राहतो, परंतु शेजारच्या सुसंगत वाणाचे परागकण मधमाश्यांनी आणले की त्यात बिया धरतात. अनेक वाण शेजारी-शेजारी लावलेल्या चाचणी-प्रक्षेत्रावर मोजलेल्या बिया म्हणूनच सलग बागेला लागू करता येत नाहीत. प्रक्रियेसाठी वाण हवा असेल तर काढलेला रस काही तासांनी पुन्हा चाखावा. १९३५ साली कॅलिफोर्नियात प्रसारित झालेला किन्नो खायला उत्तम, पण लिमोनिन या कडू घटकामुळे त्याचा रस ठेवल्यावर कडवट होतो.

खुंटाची, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधले त्याची, नोंद नसलेले आकडे मी तरी बाजूला ठेवतो. जंभेरी या लिंबाच्या खुंटावरचे झाड जोमदार वाढते, फळही मोठे देते, पण रसातले विद्राव्य घटक काहीसे पातळ पडतात. त्याच वाणाचे ट्रायफोलिएट खुंटावरचे फळ सरस ठरते आणि श्रेय चुकून वाणाला मिळते. शिवाय कोवळ्या झाडांची पहिली फळे जाड सालीची, कमी रसाची असतात, तेव्हा त्या आकड्यांवरून वाण बाद करू नये आणि शिफारसही लिहू नये.