पिन पार्वतीच्या हिमनदीवर या चुका टाळा

हरिश्चंद्रगडाची नळीची वाट किंवा रतनगडाचा घेरा पालथा घातलेली माणसं पिन पार्वतीला दमात सहसा कमी पडत नाहीत. अडचण सुरू होते मानतलाई तलावाच्या पुढे, जिथे वाट संपून बर्फ लागतो. ५,३१९ मीटर उंचीची ही खिंड हिमाचलातल्या हिरव्या पार्वती खोऱ्यातून स्पितीच्या कोरड्या पिन खोऱ्यात उतरते. इंग्रज अधिकारी लुई डेन यांनी १८८४ मध्ये ती ओलांडल्याची नोंद आहे. तेव्हाही आणि आजही इथे दोन गोष्टींवर सगळं अवलंबून आहे: किती वाजता निघालात आणि दोर कसा बांधलात. ताकद आणि जिद्द यांचा नंबर त्यानंतर लागतो.

उशिरा निघणं

वरच्या कॅम्पवरून पहाटे तीन-चारला निघायचं, हे सगळ्यांना माहीत असतं. ते का, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं, म्हणून चहा, तंबू आवरणं आणि एखादा ग्रुप फोटो यांत तास-दीड तास सहज जातो. रात्रीच्या थंडीत वरचा बर्फ गोठून टणक होतो. हिमनदीतल्या भेगांवर बर्फाचे जे पूल तयार झालेले असतात, ते या गोठलेपणामुळेच माणसाचं वजन पेलतात. ऊन चढलं की तोच पूल भुसभुशीत होतो. पहाटे सगळी तुकडी ज्यावरून गेली, तिथे अकरा वाजता एकट्या माणसाचा पाय आरपार जाऊ शकतो.

यात एक गोष्ट नेहमी निसटते. रात्रभर आभाळ भरलेलं असेल तर बर्फ नीट गोठतच नाही, मग तुम्ही कितीही लवकर निघा. म्हणून दोन वाजता तंबूबाहेर आल्यावर आधी बुटाची टाच बर्फात जोरात मारून बघावी. टाच ठणकन आपटली तर बर्फ गोठलाय. घोट्यापर्यंत रुतली तर लीडरशी बोलायची वेळ आली आहे. चालताना पाय नडगीपर्यंत आणि मग गुडघ्यापर्यंत जायला लागला, खिंड अजून लांब आहे, अशा वेळी मागे फिरून दुसऱ्या पहाटे पुन्हा निघणं हाच योग्य निर्णय असतो. किती वाजता मागे फिरायचं ते आदल्या रात्रीच सगळ्यांसमोर ठरवून टाका. ५,००० मीटरवर थकलेल्या डोक्याने घेतलेले निर्णय भरवशाचे नसतात.

सॅक रात्रीच भरून ठेवा. पाण्याच्या बाटल्या भरून उलट्या ठेवा, म्हणजे गोठलं तरी बुडाकडचं पाणी गोठेल आणि तोंड मोकळं राहील. क्रॅम्पॉनही (बुटाखाली बांधायची दात्यांची धातूची चौकट) बुटाच्या मापाला लावून ठेवा, अंधारात थिजलेल्या बोटांनी स्क्रू फिरत नाहीत.

आता याच चुकीचा मोठा भाऊ: राखीव दिवस न ठेवणं. पुण्या-मुंबईच्या मंडळींचं परतीचं तिकीट पक्कं असतं आणि त्या तारखेपायी लोक खराब हवेत खिंडीकडे निघतात. ऑक्टोबर २०२१ मध्ये हर्षिलहून लमखागा खिंडीमार्गे छितकुलकडे निघालेले ट्रेकर जोरदार हिमवर्षावात सापडले आणि त्यांतल्या अनेकांचा जीव गेला. खिंडीच्या दिवसासाठी किमान एक, शक्यतो दोन दिवस हातचे ठेवा. तिकीट रद्द झालं तर पैसे जातात, एवढंच.

दोराच्या चुका

माझ्या मते हा या लेखाचा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, आणि ट्रेकला जाणारे याच भागाचं काम लीडरवर सोडून मोकळे होतात.

हिमनदी सतत हळूहळू सरकत असते. खालचा उतार जिथे अचानक वाढतो, जिथे ती वळते किंवा दुसरी हिमनदी येऊन मिळते, तिथे वरचा ठिसूळ बर्फ ताण न सोसून फाटतो. या भेगा वीस-तीस मीटर खोल असू शकतात. जुलैच्या सुरुवातीला त्यांच्यावर हिवाळ्यातल्या बर्फाची चादर असते, त्यामुळे सगळा उतार गुळगुळीत दिसतो आणि माणूस निर्धास्त होतो. सप्टेंबरपर्यंत ती चादर वितळते, भेगा उघड्या पडतात आणि दृश्य भयंकर वाटतं. खरं तर दिसणारी भेग वळसा घालून टाळता येते, जीव घेते ती झाकलेली. बर्फावर लांबट, किंचित खचलेली रेघ दिसली किंवा एखादा पट्टा आजूबाजूपेक्षा जरा मळकट, वेगळ्या रंगाचा दिसला, तर थांबा. कुऱ्हाडीसारखं पातं असलेल्या आईस अ‍ॅक्सचा दांडा बर्फात खुपसून बघा. आधी अडून मग एकदम सैल आत गेला तर खाली पोकळी आहे.

दोर असूनही अपघात का होतात? कारण दोर नुसता हातात धरलेला असतो, किंवा हार्नेसशिवाय (कमरेला आणि मांड्यांना घालायच्या पट्ट्यांशिवाय) कमरेला गुंडाळलेला असतो. दोघांत जेमतेम तीन मीटर अंतर असतं, म्हणजे पहिला पडला की दुसऱ्याला सावरायला वेळच नाही. तीन-चार जणांच्या दोरावर दोघांमधलं अंतर साधारण दहा मीटर असावं आणि मधला दोर बर्फाला जेमतेम टेकेल इतपत ताणलेला असावा. हातात वेटोळी धरू नका, पडणाऱ्याला ती तेवढीच जास्त खोल नेतात. पाणी प्यायला थांबलात तरी गोळा होऊ नका, जिथे आहात तिथेच थांबा. आणि भेगेला समांतर चालू नका, नाहीतर सगळा दोर एकाच भेगेवर उभा असतो. ती काटकोनात ओलांडायची.

कोणी आत गेलंच, तर उरलेल्यांनी आधी खाली बसून टाचा आणि अ‍ॅक्स बर्फात रोवायची. काठाशी धावत जाऊन डोकावणं ही सहज होणारी आणि दुसरा बळी घेणारी चूक आहे. भार पक्क्या अँकरवर, म्हणजे बर्फात रोवलेल्या आधारावर घेतल्याशिवाय कोणी हलायचं नाही. दोर काठात कापत आत जातो, म्हणून काठापाशी त्याच्याखाली सॅक किंवा अ‍ॅक्सचा दांडा सरकवावा लागतो. आत लटकलेला माणूस थंडीने पटकन गारठतो, त्यामुळे जाड जॅकेट सॅकमध्ये सगळ्यात वर हवं. हे वाचून येत नाही, हाताने करून यावं लागतं. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा किंवा मनालीच्या अटलबिहारी वाजपेयी संस्थेचा बेसिक कोर्स करा. तेवढी रजा नसेल, तर खिंडीच्या आदल्या दिवशी दुपारी सगळ्या तुकडीकडून सराव करून घ्या.

एक उलटी चूकही होते. बर्फ कडक, उतार तीव्र आणि अँकर कुठेच नाही, अशा ठिकाणी एकमेकांना बांधून घेतलं तर एक घसरल्यावर सगळे ओढले जातात. तिथे दोर बर्फात पक्का लावून त्याच्या आधाराने एकेकाने उतरायचं.

पैसे भरण्याआधी ट्रेक नेणाऱ्यांना विचारा: दोर किती नेणार? प्रत्येकाला हार्नेस आहे का, पोर्टर धरून? भेगेतून माणूस काढायचा सराव कोणी केलाय? उत्तरात टाळाटाळ दिसली तर दुसरी संस्था शोधा.

क्रॅम्पॉन

मऊ तळव्याच्या ट्रेकिंग बुटावर कडक क्रॅम्पॉन बसत नाही, अर्ध्या वाटेत निसटतो. मनालीत भाड्याने घेणार असाल तर स्वतःचे बूट घालून दुकानातच लावून बघा. पट्टीचं उरलेलं टोक लोंबू देऊ नका, दुसऱ्या पायाचे दाते त्यात अडकून माणूस तोंडावर पडतो. सैल पँटचंही तेच, म्हणून गेटर, म्हणजे बुटावरून नडगीला बांधायची आवरणं हवीत. ओल्या बर्फाचे गोळे दात्यांत अडकले की अ‍ॅक्सच्या दांड्याने बुटाच्या कडेवर ठोकून पाडत राहा.

डोळे

ताजा बर्फ सूर्याचे अतिनील किरण ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो आणि ढगाळ दिवशीही ते पुरेसे पोहोचतात. डोळे तेव्हा दुखत नाहीत. सहा ते बारा तासांनी, म्हणजे रात्री तंबूत, वाळू गेल्यासारखे खुपायला लागतात, पाणी वाहतं, उघडवत नाहीत. बाजूंनी झाकलेला, कॅटेगरी ४ चा, म्हणजे सगळ्यात गडद काचेचा गॉगल घ्या. सनस्क्रीन नाकपुड्यांखाली आणि हनुवटीखालीही लावा, किरण खालून येतात.

गॉगल हरवला तर पुठ्ठ्याला बारीक आडव्या चिरा पाडून तो डोळ्यांवर बांधा, वेळ निभावते. आणि कृपा करून दोन-तीन गॉगल जादा न्या. आपलं ओझं वाहणाऱ्या पोर्टरच्या डोळ्यांवर अनेकदा काहीच नसतं, हे बघवत नाही.

उंची

पार्वती खोऱ्यातल्या बरशैणीहून खीरगंगेमार्गे चढलात तर शरीराला वेळ मिळतो. उलट बाजूने, गाडीने थेट पिन खोऱ्यातल्या मुद गावी उतरून चालायला लागलात तर पहिल्याच रात्री ३,८०० मीटरच्या आसपास झोपता. ३,००० मीटरनंतर झोपायची उंची रोज ५०० मीटरहून जास्त वाढवू नये. डोकेदुखी आणि मळमळ असताना वर जायचं नाही. बसल्या जागी धाप लागते, किंवा एका पायाच्या बोटांना दुसऱ्या पायाची टाच टेकवत सरळ रेषेत चालता येत नाही, तर रात्र असो की पाऊस, ताबडतोब खाली. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्या, सल्फाची अ‍ॅलर्जी असल्यास तसं आधी सांगा.

खिंडीपलीकडे

खिंड झाली की माणसं सैलावतात, दोर सोडतात, उड्या मारत उतरतात. पलीकडेही बर्फ आणि भेगा आहेत. लीडर सांगेपर्यंत गाठ सोडू नका. खाली आल्यावर बर्फाचं वितळलेलं पाणी दुपारनंतर ओढ्यांत चढत जातं. पाणी गुडघ्याच्या वर आणि जोराचं असेल तर अलीकडेच तंबू टाका, पहाटे ते उतरलेलं असतं. ओलांडताना बूट पायात ठेवा आणि सॅकचा कमरेचा पट्टा सोडा, पडलात तर सॅक झटकता आली पाहिजे.

या टप्प्यात मोबाईलला रेंज नसते. परदेशातून सुट्टीला आलेले नातेवाईक सोबत असतील तर त्यांना आधीच सांगा: सॅटेलाईट फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारी उपकरणं भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय वापरणं बेकायदा आहे, त्यावरून अटकही झाल्या आहेत. त्याऐवजी तुमचा मार्ग, मुक्काम आणि मुदला पोहोचायची शेवटची तारीख घरी लिहून द्या, आणि त्या तारखेपर्यंत फोन आला नाही तर कुल्लू आणि काझा इथल्या प्रशासनाला कळवायचं, हेही त्यात लिहा.