पहिल्यांदा बाबा होताय? मग ही कामं अख्खी स्वतःच्या अंगावर घ्या

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करायची पद्धत अजून खूप घरांत आहे, आणि बाळंतिणीला तिथे आईच्या हाताचं खायला मिळतं, आराम मिळतो हे खरंच आहे, पण त्यात बाबाचं काय होतं बघा. तो शनिवारी संध्याकाळी सासुरवाडीला पोचतो, त्याला जावई म्हणून आग्रह करकरून वाढतात, बाळ दहा मिनिटं मांडीवर मिळतं, ते रडलं की कुणीतरी पटकन उचलून आत नेतं आणि रविवारी रात्री हा परत. तीन-चार महिन्यांनी बाळ घरी येतं तेव्हा आईला त्याचं रडणं ओळखता येत असतं आणि बाबाला साधा लंगोट बांधता येत नसतो. मग "तुला जमतं ना, तूच कर" सुरू होतं आणि ते बाळ दहावीला जाईपर्यंत संपत नाही. अंगावरचं दूध पाजणं सोडलं तर बाळाचं एकही काम असं नाही जे बाबाला जमणार नाही. आईसुद्धा ते करूनच शिकलेली असते, पोटातून शिकून येत नाही.

म्हणून पहिली गोष्ट, सुट्टीचं आधी बघा. केंद्र सरकारच्या नोकरीत 15 दिवसांची पितृत्व रजा आहे आणि ती बाळ झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत घेता येते. खासगी नोकरीत आईला पहिल्या दोन मुलांसाठी 2017 पासून 26 आठवड्यांची भरपगारी रजा आहे, पण बाबाला सुट्टी द्यायची सक्ती कंपनीवर नाही, कुठे दोन आठवडे मिळतात, कुठे तीन दिवस, कुठे काहीच नाही. सहावा-सातवा महिना लागला की एचआरला मेल टाकून विचारा, तोंडी नको. आणि माझं स्पष्ट मत, सगळी सुट्टी डिलिव्हरीच्या वेळी संपवू नका. तेव्हा आजूबाजूला आजी, मावशी, मालिशवाली बाई अशी भरपूर माणसं असतात. खरी गरज बाळ-बाळंतीण माहेराहून परत येतात त्या आठवड्यात असते, तेव्हासाठी निम्मी तरी सुट्टी राखून ठेवा.

सासुरवाडीला जाल तेव्हा पाहुण्यासारखे बसू नका. "आई, आता लंगोट मी बदलतो, तुम्ही नुसतं बघा आणि चुकलं तर सांगा" एवढं म्हटलं तरी पुरतं, पहिल्यांदा सगळे हसतील, हसू देत. अंघोळ घालताना शेजारी उभे राहा, पाणी कोपराने कसं बघतात, मान कशी धरतात ते बघा आणि पुढच्या खेपेला स्वतः करा.

आता रात्रीचं. हे नीट सांगतो कारण इथेच बाईची सगळ्यात जास्त झीज होते. दोन वाजता बाळ उठलं, ती बसून पाजते, त्यात वीस-पंचवीस मिनिटं सहज जातात. पाजून झालं की पुढचं सगळं तुमचं, तिने लगेच आडवं व्हायचं. खांद्यावर जुन्या सुती साडीचा मऊ तुकडा टाका, बाळाला असं घ्या की त्याची हनुवटी तुमच्या खांद्याच्या वर येईल आणि नाक दबणार नाही, एक हात ढुंगणाखाली, दुसऱ्या हाताने पाठीवर खालून वर हळूहळू फिरवत राहा. ढेकर दोन मिनिटांत येतो, कधी दहा मिनिटं लागतात, कधी येतच नाही, घाई करू नका. मग दुपटं ओलं आहे का बघा, शी असेल तर कोमट पाण्याने पुसा, मुलगी असेल तर पुढून मागे पुसायचं, आणि बाळाला उताणं झोपवा, डोक्याखाली उशी नको, तोंडाजवळ पांघरूण नको. तिला सकाळी ऑफिस नाही म्हणून रात्र तिची, हा हिशोब चुकीचा आहे, तिचा दिवस पण रात्रीसारखाच तुटक असतो. ती कामावर जायला लागली की दूध काढून फ्रीजमध्ये ठेवता येतं, ते वाटी-चमच्याने नाहीतर बोंडल्याने तुम्हीही पाजू शकता.

यापेक्षा अवघड भाग डोक्यातला आहे. काम सांगितल्यावर करणारे पुरुष आता पुष्कळ दिसतात, पण काय संपलंय, काय आणायचंय, पुढची तारीख कुठली हे सगळं अजून तिच्याच डोक्यात असतं. लसीकरणाच्या दिवशी हे अगदी उघडं पडतं. नर्स विचारते, मागचा डोस कधी दिला, तेव्हा ताप आला होता का, वजन किती होतं, आणि बाळाला घेऊन ऐटीत आलेला बाबा खिशातून मोबाइल काढून बायकोला फोन लावतो. तर लसीकरणाचं खातं पूर्ण तुम्ही घ्या. जन्मल्यावर बीसीजी, पोलिओ आणि कावीळ बी, मग दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने, मग नववा महिना पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेला. तारखा आजच मोबाइलमध्ये टाका, कार्ड तुमच्या बॅगेत ठेवा, लस दिल्यावर मांडीला सूज किंवा ताप आला तर औषध किती द्यायचं ते बाळाच्या वजनावर ठरतं म्हणून डॉक्टरांकडून तिथेच लिहून घ्या. आणि त्या रात्री बाळ किरकिर करणारच, ती रात्र तुमची.

असंच एकेक खातं अख्खं घ्या, कपडे म्हणजे कुठली झबली आखूड झाली हे बघण्यापासून नवीन आणण्यापर्यंत सगळं, अर्धं नको. लोकांचा दिवस कशात जातो हे मोजणाऱ्या सरकारच्या 2024 च्या टाइम यूज सर्व्हेनुसार घरकामात बायकांची दिवसाला सरासरी 289 मिनिटं जातात आणि पुरुषांची 88. आणि ही 88 मिनिटं जे पुरुष घरकाम करतात त्यांची सरासरी आहे, जे काहीच करत नाहीत ते यात धरलेलेच नाहीत.

यात तुमच्या आईचा विषय निघणारच. "दिवसभर दमून आलाय, त्याला कशाला शी काढायला लावतेस" हे वाक्य सुनेला ऐकवलं जातं आणि मुलगा टीव्हीकडे बघत गप्प बसतो, हे मला अजिबात पटत नाही. तुमच्या आईशी तुम्हीच बोला, बायकोला पुढे करू नका. "अगं आई, ती मला सांगत नाहीये, माझं लेकरू आहे, मला करायचंय" असं शांतपणे, आणि बोलता बोलता हातातलं काम चालू ठेवा. बहुतेक आज्या महिनाभरात निवळतात, कारण त्यांच्या वेळी त्यांना कुणी असा हात दिलेला नसतो आणि ते त्यांना आठवत असतं. मित्र बायकोच्या ताटाखालचं मांजर वगैरे म्हणतील, त्यांच्याशी वाद घालत बसू नका, घरी बाळाची अंघोळ आहे एवढं सांगून निघा.

बायकोकडे लक्ष ठेवा, हे फार महत्त्वाचं. बाळंतपणानंतर पहिले काही दिवस उगीच रडू येणं कॉमन आहे, पण दोन आठवड्यांनंतरही ती उदास असेल, बाळ झोपलं तरी हिला झोप लागत नसेल, बाळाकडे बघावंसंच वाटत नसेल किंवा मरणाच्या गोष्टी बोलत असेल तर "होतं असं" म्हणून सोडू नका, डॉक्टरकडे न्या आणि मरणाचं बोलणं असेल तर त्याच दिवशी न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर, 14416 वर, मोफत बोलता येतं. तो नंबर तुमच्यासाठीही आहे, कारण ईएमआय, एकाच्या पगारावर आलेलं घर, अर्धवट झोप हे सगळं बाबावरही येतं आणि आपण ते बोलत नाही, नुसते चिडतो. पैशाचं टेन्शन असेल तर कागदावर हिशोब मांडून तिच्यासमोर ठेवा, तिला तेवढं नक्की कळतं.

मुलगा असेल तर थोडा मोठा झाल्यावर "मुलीसारखा काय रडतोस" हे तुमच्या घरात कुणी म्हणालं तर तिथल्या तिथे थांबवा, पाहुणे असले तरी. पडला, लागलं, रडू दे, जवळ घ्या.

कागदपत्रांचं राहिलं. महाराष्ट्रात 1 मे 2024 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांचं नाव सरकारी कागदांवर मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असं लिहायचंय, जन्म नोंदवतानाच ते बरोबर आहे ना बघा, नंतर दुरुस्तीला हेलपाटे पडतात. आणि पाळणाघराच्या, बालवाडीच्या फॉर्मवर तातडीचा संपर्क म्हणून पहिला नंबर तुमचा लिहा, दुसरा तिचा. मुलाला ताप आला, कुणी चावलं, डबा राहिला, कसलाही फोन आला तरी आधी तुम्हाला येऊ दे, आणि ऑफिसात साहेबांना आधीच सांगून ठेवा की असा फोन आला तर मला निघावं लागेल.